संत्र्याच्या बगीच्यात इन्फ्रारेड : जुन्या डी७० च्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

डी७० कॅमेरा आला एकदाचा. अमरावतीच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरच्या कपाटात पडून होता, चार्जर, १८-५५ ची किट लेन्स आणि १ जीबीचं सीएफ कार्ड असं सगळं सोबत मिळालं. निकॉनचं २००४ चं मॉडेल, ६ मेगापिक्सेल, मागचा स्क्रीन एवढुसा, फोटो घेण्याआधी स्क्रीनवर चित्र दाखवणारा लाइव्ह व्ह्यू नावाचा प्रकारच नाही. लग्नाच्या कामाला आज कोणी फुकट दिला तरी नेणार नाही. पण मला यावर लग्नं काढायचीच नाहीत, इन्फ्रारेड करून पाहायचं आहे आणि त्याला हा जुना खटाराच बरा पडतो.

कारण असं की डिजिटल सेन्सरला मुळातच आपल्यापेक्षा जास्त दिसतं. आपली नजर ७०० नॅनोमीटरच्या (उजेडाची तरंगलांबी मोजायचं माप) आसपास लाल रंगापाशी संपते, सिलिकॉन मात्र पुढं ११०० पर्यंत पाहतो. ते जादाचं, म्हणजेच इन्फ्रारेड, नेहमीच्या फोटोत घुसलं तर रंग बिघडतात म्हणून कंपन्या सेन्सरच्या तोंडावरच इन्फ्रारेड अडवणारी एक काच बसवतात. नंतरच्या कॅमेऱ्यांत ही काच भल्ली कडक झाली, डी७० मधली बरीच ढिली आहे, थोडंफार आत सोडते.

टीव्हीच्या रिमोटनं तपासून घेतलं. रिमोटच्या तोंडाशी जो बारका बल्ब असतो तो साधारण ९४० नॅनोमीटरवर चमकतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. दार-खिडक्या लावून अंधार केला, पुतण्याला बटन दाबून धरायला लावलं आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी सारख्या सेटिंगवर एकेक सेकंदाचा फोटो घेतला. कामाच्या कॅनन १२००डी मध्ये बारीक जांभळट ठिपका, डी७० मध्ये चांगला उजेड, पुतण्याच्या अंगठ्यावर पडलेला पण दिसला. म्हणजे वस्तू कामाची आहे.

९ ऑक्टोबर

फिल्टर मागवला आहे, ७२० नॅनोमीटरवाला, ५२ मिलिमीटर मापाचा. ७२० च्या खालचं बहुतेक सगळं अडवतो, वरचं सोडतो. यातला नावाजलेला म्हणजे होयाचा आर७२, पण तो बजेटबाहेर, म्हणून बिननावाचा. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, मोर्शीला ठेवून फोन करतात, त्यामुळं हाती कधी लागेल ते लागेल.

तोवर जुगाड. मोर्शीत स्टुडिओवाले काका आहेत, रोलच्या जमान्यापासूनचे. त्यांच्याकडे जुन्या निगेटिव्हचे गठ्ठे अजून पडले आहेत. मला फोटो नको होते, रोलचं सुरुवातीचं टोक पाहिजे होतं, जे कॅमेऱ्यात भरतानाच उजेड खाऊन बसतं आणि धुतल्यावर काळंकुट्ट निघतं. कलर रोलमधला हा काळेपणा रंगांचा असतो आणि ते रंग इन्फ्रारेडला आडवे येत नाहीत, म्हणून दोन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की फुकटचा फिल्टर.

काका म्हणाले, "अबे मंग एक्स-रे घेऊन जा नं, मोठा येते, अख्खी लेन्स झाकते."

पण एक्स-रे चालत नाही, साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल पण नाही, कारण त्यात काळेपणा चांदीच्या कणांचा असतो आणि चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. काकांनी उभी हयात रोल धुण्यात घातली, त्यांना हे पटकन पटेना. मग एकदम म्हणाले, "म्हनूनच थ्या स्कॅनरचं धूळ काढाचं बटन ब्लॅक अँड व्हाइटवर चालेच नाही!" आणि खरंच तेच कारण आहे, ते स्कॅनर धूळ शोधायला इन्फ्रारेड उजेडच वापरायचे, चांदी त्याला सगळी धूळच वाटायची. चहा त्यांनीच पाजला.

१० ऑक्टोबर

पट्ट्या पुठ्ठ्याच्या चौकटीत काळ्या टेपनं बसवून लेन्सच्या तोंडावर बांधल्या. दुपारचे साडेबारा, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. एरवी या वेळेला शहाणा माणूस कॅमेरा बाहेर काढत नाही, सावल्या कडक पडतात, पण इन्फ्रारेडला हेच पाहिजे आणि आपल्या विदर्भात दुसरं काही असो नसो, ऊन मोप आहे.

घरासमोरचा कडुनिंब. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) २००, एफ ८ (लेन्सचं छिद्र किती उघडं ते), ४ सेकंद, ट्रायपॉड. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं लालभडक, काही समजेना, पण लॅपटॉपवर रंग काढून टाकला तर कडुनिंब पांढराफेक आणि मागचं आकाश जवळपास काळं. कडा मऊ आहेत, फिल्म थोडी वाकलेली असते म्हणून तसं होणारच.

हे पांढरं का होतं ते एकदा लिहून ठेवतो, सगळे विचारतात. पान हिरवं दिसतं कारण हरितद्रव्य लाल आणि निळा उजेड खातं. ७०० च्या पुढच्या उजेडाशी हरितद्रव्याला काही देणंघेणं नाही, तो सरळ पानात शिरतो, आतल्या पेशी आणि त्यांच्या मधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत आपटत जवळपास निम्मा परत बाहेर येतो. म्हणून पान पांढरं. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं असे फोटो १९१० मध्ये छापले, त्याच्याच नावानं याला वुड इफेक्ट म्हणतात. इन्फ्रारेड सापडलं त्याच्याही आधी, १८०० मध्ये, विल्यम हर्शेलनं प्रिझमच्या रंगांमध्ये थर्मामीटर ठेवले तर लालच्या पलीकडं जिथं काहीच दिसत नव्हतं तिथला पारा जास्त चढला.

एक गोष्ट लिहून ठेवणं गरजेचं. गल्लीतली पोरं पट्ट्या डोळ्याला लावून सूर्य पाहायला निघाली, हिसकून घेतल्या. काळं दिसतं म्हणून डोळा दिपत नाही, पण धोका तसाच असतो, बाहुली मोठी होते आणि इन्फ्रारेड सगळं आत जातं, आतला पडदा भाजला तरी दुखत नाही.

१५ ऑक्टोबर

फिल्टर आला. आता काम व्यवस्थित, पण पद्धत थोडी उलटसुलट आहे. फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काहीच दिसत नाही, त्यामुळं आधी फिल्टरशिवाय फ्रेम लावायची, फोकस करायचा, लेन्स मॅन्युअलवर टाकायची आणि मग रिंग हलू न देता हळूच फिल्टर फिरवून बसवायचा. इन्फ्रारेडचा फोकस नेहमीच्या जागेवर पडत नाही, थोडा सरकतो, जुन्या मॅन्युअल लेन्सवर त्यासाठी अंतराच्या पट्टीजवळ लाल टिपका असायचा. किट लेन्सवर टिपका नाही, पट्टीच नाही, म्हणून एफ ८ किंवा एफ ११ ठेवायचा, तेवढ्यात निभून जातं.

व्ह्यूफाइंडर मागून झाकायचा, नाहीतर लांब एक्स्पोजरमध्ये तिथून उजेड शिरतो. झाकण हरवलेलं आहे, टोपी टाकतो.

व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणं) प्रीसेटवर ठेवून, फिल्टर लावूनच, उन्हातल्या हिरव्या गवतावर घेतला. त्यामुळं स्क्रीनवरचा लालभडकपणा जाऊन गवत पांढरट आणि आकाश मातकट दिसायला लागलं. रॉ फाइलला (सेन्सरची जशीच्या तशी नोंद) त्यानं फरक पडत नाही पण जागेवर काहीतरी कळतं तरी.

कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर भरवसा नाही, सगळं एम म्हणजे मॅन्युअल मोडवर. आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) फसवतो. डी७० चा हिस्टोग्राम एकच आहे, तिन्ही रंगांचा वेगळा नाही, आणि ७२० च्या फिल्टरनं लाल चॅनल बाकी दोघांच्या कितीतरी आधी भरतो. हिस्टोग्राम मधोमध छान दिसतो आणि घरी येऊन पाहावं तर लाल पूर्ण फुटलेला, तपशीलच नाही. आता मुद्दाम डावीकडं ठेवतो. कडक उन्हात आयएसओ २००, एफ ८, १ सेकंद, इथून सुरुवात.

कॅननवर पण हाच फिल्टर लावून पाहिला, त्याच झाडावर ३० सेकंद ठेवून आयएसओ ८०० वर न्यावा लागला. वाऱ्यात ३० सेकंद म्हणजे पानांचा नुसता कापूस.

१८ ऑक्टोबर

आज बगीच्यात. मोठेबाबांची संत्र्याची झाडं आहेत, आंबियाचं (जानेवारी-फेब्रुवारीतल्या बहराचं) फळ झाडावर आहे, व्यापारी येऊन पाहून गेला पण भाव जमला नाही म्हणून मोठेबाबा तिथंच खाट टाकून. माझा ट्रायपॉड पाहिला आणि,

"हा वाघाचा कॅमेरा व्हय काय रे?"

मेळघाट इथून फार लांब नाही, जंगल खात्याचे झाडाला बांधलेले कॅमेरे सगळ्यांना माहीत आहेत. मी म्हटलं वाघाचा नाही, पण त्यातल्या काही कॅमेऱ्यांचा रात्रीचा न दिसणारा फ्लॅश असतो, तो उजेड याच जातीचा. मग पुढचा प्रश्न नेहमीचा, अंगातली गरमी दिसते काय. नाही दिसत. अंगाची, झाडाची गरमी जिथं बाहेर पडते ते ९-१० हजार नॅनोमीटरच्या तिकडचं काम, त्याला थर्मल कॅमेरा लागतो, महागाची वस्तू. आपला सेन्सर ११०० ला आंधळा होतो. यात दिसते ती सूर्याची किरणंच, पानावरून परत आलेली.

मोठेबाबा थोडे गप्प, मग, "मंग झाडाची बिमारी दिसन काय?"

या प्रश्नामुळं हा सगळा उद्योग वेगळ्या वाटेनं चालला आहे, मला खरं तर स्वप्नातल्यासारखी पांढरी झाडं आणि काळं आकाश असे फोटो पाहिजे होते भिंतीवर लावायला. पण प्रश्न चांगला आहे. खालच्या बाजूला पाच-सहा झाडांवर कोळशी आहे. काळी माशी पानाचा रस शोषते, तिच्या अंगातून चिकट पाणी पडतं आणि त्यावर काळी बुरशी चढते, पानं-फळं सगळी काजळी लागल्यासारखी. एक चांगलं झाड आणि एक कोळशीचं झाड एका फ्रेममध्ये येतील असा कॅमेरा लावला. वारा थांबायची वाट पाहण्यात अर्धा तास.

दिसलं! चांगलं झाड पांढरंशुभ्र, कोळशीचं मळकं करडं. आणि नुसत्या डोळ्यानं जे झाड मला बरं वाटत होतं, त्याच्याही खालच्या फांद्यांवर काळपट पट्टा आला. बुरशीचा थर इन्फ्रारेडलाही काळाच आहे, उजेड पानाच्या आत पोहोचण्याआधीच खाऊन टाकतो. मोठेबाबांना लॅपटॉपवर दाखवलं, चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले हे तर मी पान पालथं करून पण सांगतो. ते पण खरं आहे म्हणा.

२२ ऑक्टोबर

कोळशी दिसली म्हणून भाव चढला आहे माझा. शेजारच्या धुऱ्यावरचे काका सकाळीच घरी, पऱ्हाटीवर म्हणजे कपाशीवर लाल्या आला, चाल पाहून घे तुझ्या कॅमेऱ्यात.

गेलो. पानं कडेनं लाल होत होत आत चाललेली, काही झाडं तर पूर्ण तांबडी. साध्या फोटोत एकदम उठून दिसतात. इन्फ्रारेडमध्ये? काही नाही. लाल पानं पण पांढरी आणि हिरवी पानं पण पांढरी, कोणतं कोणतं ओळखू येईना. काका नाराज. "हा कायचा कॅमेरा बाप्पा, याले लाल्या दिसत नाही!"

पण मला हे कोळशीपेक्षा जास्त आवडलं. लाल्यात पानाचा रंग बदलतो, नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री गार पडायला लागल्या की हरितद्रव्य घटतं आणि लाल रंगद्रव्य वर येतं. ते लाल रंगद्रव्य पण इन्फ्रारेडला पारदर्शकच. पानाची आतली बांधणी जोवर शाबूत आहे तोवर पान पांढरंच येणार. रंगाचं आणि याचं काही नातंच नाही, हा कॅमेरा पानाची बांधणी पाहतो आणि वर काही थर चढला असेल तर तो पाहतो, बस. जी पानं लाल होऊन वाळायला लागली होती, कडा कुरकुरीत झालेल्या, त्या कडा मात्र थोड्या गडद आल्या.

संध्याकाळी टपरीवर कृषी सहायक भेटले, त्यांना सांगितलं तर म्हणाले उपग्रहात मग कसं दिसतं. उपग्रह एकट्या इन्फ्रारेडवर नाही चालत, लाल उजेड वेगळा मोजतो आणि इन्फ्रारेड वेगळा, मग इन्फ्रारेडमधून लाल वजा करून दोघांच्या बेरजेनं भागतो, त्यालाच एनडीव्हीआय म्हणतात. लाल्या आला की पान लाल उजेड जास्त परत फेकतं, म्हणून इन्फ्रारेड तेवढंच राहिलं तरी आकडा पडतो. आपल्याकडं १९८८ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१ए वर पण लाल आणि इन्फ्रारेड अशा दोन्ही पट्ट्या होत्या, आणि नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रात हेच पिकांचे नकाशे बनतात. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटींच्या टीमनं केरळात हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड रंगीत फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले होते, रूट विल्ट (मूळ-मर) रोग लागलेली झाडं शोधायला. भारतात रिमोट सेन्सिंगची, म्हणजे सुदूर संवेदनाची (विमान-उपग्रहातून जमिनीची पाहणी), सुरुवात तिथून धरतात. म्हणजे मोठेबाबांचा प्रश्न काही येडा नव्हता.

मी पण ट्रायपॉड न हलवता एक साधा आणि एक इन्फ्रारेड असे दोन फोटो घेऊन वजाबाकी करून पाहिली. चित्र बनतं, लाल्याचे पट्टे खरंच उठून येतात, पण दोन्ही फोटोंचं एक्स्पोजर मी हातानं ठरवलेलं, त्यामुळं आकड्याला अर्थ नाही, एकाच फ्रेममध्ये हे झाड त्या झाडापेक्षा कमी की जास्त एवढंच सांगता येतं.

२ नोव्हेंबर, पाडवा

दिवाळीत वावरात कोणी जाऊ देत नाही. घरातच खेळ.

रात्री अंगणात नऊ वॅटचा एलईडी लावून फिल्टरसकट ३० सेकंद, फोटो जवळपास काळा. एलईडीत इन्फ्रारेड नसल्यातच जमा. तोच होल्डर, त्यात गोठ्यातला जुना साठचा पिवळा बल्ब काढून लावला तर त्याच सेटिंगवर अंगण धुऊन निघालं. पिवळा बल्ब वीज खातो ती बहुतांश अशा न दिसणाऱ्या उजेडातच घालवतो, बिल का यायचं ते फोटोत दिसलं.

मोठी आई चुलीवर भाकरी टाकत होती. तिला सांगितलं हलू नको थोडा वेळ, ती म्हणाली भाकर जळन तं तू खाशीन काय. चुलीतले निखारे आणि जाळ एकदम प्रखर, तिच्या हातावर, भिंतीवर चांगला उजेड पडलेला. तवा मात्र काळाच. हात भाजेल एवढा गरम असला तरी आपल्या सेन्सरच्या पट्ट्यात त्याचा उजेड येतच नाही, निखाऱ्यासारखं लाल व्हायच्या जवळपास गेलं पाहिजे तेव्हा कुठं. शेजारचे काका अजून म्हणतात की कॅमेरा गरमी पाहतो, त्यांना हा फोटो दाखवायचा आहे.

५ नोव्हेंबर

छोटीशी नोंद. खिडकीत तीन काचेचे ग्लास: काळा चहा, दुकानातला काळा थंडा, आणि बोर्डो पेस्टसाठी (झाडाच्या खोडाला लावायचा लेप) आणलेल्या मोरचुदाचं म्हणजे कॉपर सल्फेटचं पाणी. डोळ्याला चहा-थंडा काळपट, मोरचूद सुंदर निळं आणि आरपार. इन्फ्रारेडमध्ये बरोबर उलट. चहा आणि थंडा पाण्यासारखे स्वच्छ, मागचे गज दिसतात, आणि मोरचुदाचं पाणी शाईसारखं काळं. पुतण्यानं शाळेत सांगितलं, आता सायन्सच्या मॅडमना ते प्रदर्शनात पाहिजे. मोरचूद विषारी आहे, ग्लास वेगळे ठेवले, मोठ्या आईनं ते ग्लास परत स्वैपाकघरात घेतलेच नाहीत.

१० नोव्हेंबर

सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणावर. नल-दमयंती सागर भरलेला आहे, वर उत्तरेला सातपुडा. हे खरं इन्फ्रारेडचं ठिकाण! पाणी काळं, आकाश काळं, त्यात ढग असे फुगून बाहेर येतात, काठची बाभूळ पांढरी. पाणी काळं कारण वरचं आकाशच काळं, त्याचंच प्रतिबिंब, आणि जे आत शिरतं ते पाणी शोषून घेतं. आकाश काळं कारण हवेचे रेणू निळा उजेड भरपूर विखुरतात आणि इन्फ्रारेड फार कमी, तरंगलांबी दुप्पट झाली की विखुरणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. त्यामुळं डोळ्याला निळसर धूसर दिसणारा सातपुडा फोटोत घडीन् घडी दिसतो. धूळ आणि धुराला मात्र हा नियम लागत नाही, कण मोठे असतात, पलीकडं कोणीतरी सोयाबीनचं कुटार पेटवलं होतं त्या बाजूला काही सुधारणा नाही.

माझी जुनी ५० एमएम लेन्स लावून पाहिली, ती बाद. फ्रेमच्या मधोमध पांढरट गोल धब्बा येतो, एफ ११ ला तर ठळक, एफ ४ ला कमी. बऱ्याच लेन्सना हे होतं, आतल्या कोटिंग साध्या उजेडासाठी बनवलेल्या असतात, इन्फ्रारेड आत उसळ्या मारतो. स्वस्तातली १८-५५ याबाबत साफ आहे.

घरी येऊन रंग. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्परेचर २००० केल्व्हिनच्या खाली जात नाही, फोटो लालच राहतो, त्याला वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं. त्या भानगडीत न पडता फुकटवालं डार्कटेबल घेतलं, पानावरून व्हाइट बॅलन्स धरला, मग चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल. मातकट आकाश निळं झालं, झाडं फिकट पिवळसर-पांढरी. छान आहे पण मला दोन दिवसांतच कंटाळा आला या रंगांचा, नेटवर सगळीकडं तेच. काळा-पांढरा ठेवतो.

८ डिसेंबर

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन, मधे काहीच झालं नाही. एका प्री-वेडिंगमध्ये नवरदेवाच्या भावानं हट्ट धरला की इन्फ्रारेड पण पाहिजे. एक सेकंद दम धरून उभं राहायचं कबूल केलं दोघांनी. चामडी एकदम गुळगुळीत मेणासारखी येते, डाग-मुरूम गायब, नवरी खूश. डोळे मात्र काळेभोर खोल, आणि नवरदेवाचा काळा कोट रंग काढायच्या आधी गुलाबी आणि काढल्यावर फिकट राखाडी. कपड्यांचे बरेच रंग इन्फ्रारेडला दिसतच नाहीत. त्याच्या काकांनी विचारलं कोट कोणाचा घातला याने. अल्बममध्ये एकही घेतला नाही.

२९ डिसेंबर

संत्रा चोरी वाढली म्हणून मोठेबाबांनी मोटरच्या खोलीवर सीसीटीव्ही लावून घेतला. रात्री त्याच्या तोंडावर मंद लाल ठिपके दिसतात, ते ८५० नॅनोमीटरचे बल्ब, त्याचाच उजेड. मी म्हटलं हा तर फुकटचा फ्लडलाइट!

आयएसओ ८००, एफ ५.६, ३० सेकंद. समोरच्या दोन ओळी उजळून निघाल्या, मागं ठार काळोख, आणि फळं पानांच्या एवढीच पांढरी, वेगळी काढताच येत नाहीत. त्यावर रंगांचा खेळ होत नाही, ८५० च्या पुढं सेन्सरवरचे लाल-हिरवे-निळे तिन्ही फिल्टर जवळपास सारखेच पारदर्शक होतात, तिन्ही चॅनल एकच, नुसतं काळं-पांढरं. मला सगळ्यात आवडलेला फोटो अजूनपर्यंत हाच आहे. थंडी एवढी होती की बॅटरी मधेच बसली, दुसरी खिशात गरम ठेवलेली म्हणून भागलं.

१२ जानेवारी २०२५

वरच्या बगीच्याला आंबियासाठी ताण दिलेला आहे, म्हणजे फुलोरा एकदम यावा म्हणून पाणी बंद. मोठेबाबांनी विचारलं ताण पुरला की नाही हे कॅमेऱ्यात कळते काय. ताणावरची झाडं आणि पाणी चालू असलेली खालची झाडं दोन्ही काढली, फरक म्हणावा असा नाही. ताणावरची जरा करडी वाटतात पण पानं मुडपली आणि थोडी गळाली, त्यामधून फांद्या आणि माती दिसते, त्याचा तो करडेपणा. पानातलं पाणी कमी झालं हे जिथं नीट कळतं ते पट्टे १४०० आणि १९०० नॅनोमीटरचे, सिलिकॉनच्या आवाक्याबाहेर. मोठेबाबा पान हातात चुरगळून, फांदीला नख लावून सांगतात अजून चार-पाच दिवस. तेवढे दिवस.

कॅमेरा उघडून आतली काच काढायचा विचार सोडला. एक सेकंदाचा फोटो हातात धरून निघाला असता हे खरं, पण काच काढली की तेवढ्याच जाडीची दुसरी बसवावी लागते नाहीतर फोकस बिघडतो, आणि आत फ्लॅशचा कपॅसिटर असतो, बंद कॅमेऱ्यातही जोरात झटका देतो. ट्रायपॉडनं काम चालून राहिलं आहे. ८५० चा फिल्टर पण सध्या नको, ते सीसीटीव्हीवाल्यानं भागलं.

कोळशीच्या झाडांवर फवारणी झाली आहे. तीच झाडं, त्याच वेळेला, त्याच एक्स्पोजरला परत काढायची आहेत, करडं पुन्हा पांढरं किती होतं ते पाहायला. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी खुंट्या ठोकून त्यांना लाल चिंध्या बांधल्या, आणि सालदाराला बजावलं की वखर तेवढा बाजूनं ने. तो म्हणाला खुंट्या राहतीन, पन चिंध्या बकऱ्या खातीन.